आधी बस, मग जेव

आपल्या भागात माणूस रस्त्यात भेटला की 'कसे आहात' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ''जेवण झालं काय?'' आमच्या गल्लीत अर्धी घरं हे मराठीतून विचारतात, अर्धी कानडीतून. ''ऊटा आतेन री?'' प्रश्न एकच आणि उत्तरही एकच. ''झालं की.'' ''आत री.'' लग्न होऊन बेळगावात आले त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे उत्तर किती वेळा दिलं असेल याचा हिशेब नाही. पण काय जेवलीस, किती जेवलीस, कुठं बसून जेवलीस, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, हे मात्र अगदी अलीकडे कळलं.

गेल्या वर्षी श्रावणात कॉलेजमध्ये आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. सगळ्यांनी रक्त दिलं म्हणून मीही दिलं. रिपोर्टात एचबीए१सी ६.२ आलं. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी कशी होती ते ही तपासणी सांगते. ५.७ च्या खाली असली तर काळजी नाही, ६.५ किंवा त्याच्या वर गेली तर मधुमेह. मधली जागा उंबऱ्याची. मी उंबऱ्यावर उभी होते.

आमचे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी औषध लिहून दिलं नाही. म्हणाले, ''मॅडम, एक वही करा. आठ दिवस तोंडात जे जाईल ते लिहायचं. किती वाजता, काय, किती आणि कुठं.''

''कुठं म्हणजे?''

''बसून की उभ्यानं.''

मला हसू आलं. मराठी शिकवण्यात आयुष्य चाललंय, लिहायला सांगणं म्हणजे शिक्षा थोडीच! पहिले दोन दिवस वही अगदी आदर्श होती. सकाळी पोहे, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रात्री दीड भाकरी, आमटी, थोडा भात. मुलांच्या वह्या तपासायची सवय, म्हणून तिसऱ्या दिवशी स्वतःची वहीही तपासली आणि लाल पेन हातात घ्यावं लागलं. किती तरी गोष्टी लिहायच्याच राहिल्या होत्या. डबे भरताना जिभेवर ठेवलेला शेंगदाण्याच्या चटणीचा चमचा. लेकानं ताटात टाकलेली अर्धी पोळी, टाकायची कशाला म्हणून. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा. चहाबरोबर तीन बिस्किटं. पेपर तपासताना बशीतली शेव कधी संपली ते बशीलाच ठाऊक. आणि रात्री ओटा आवरताना पातेल्याच्या तळाला राहिलेला भात. एवढासाच तर आहे, डब्यात काय काढायचा!

आठ दिवसांनी मोजलं. एकूण नोंदी चोपन्न. त्यातल्या अकरा वेळा मी बसून खाल्लं होतं. त्या अकरांपैकी सात वेळा समोर मोबाइल होता. म्हणजे आठ दिवसांत मी खऱ्या अर्थानं चार वेळा जेवले. बाकी पन्नास वेळा खाणं झालं, पण माझा त्याच्याशी संबंध नव्हता.

याच सुमाराला बेंगळुरूहून लेकीचा फोन आला. नुकतीच नोकरीला लागली आहे. तिच्या ऑफिसात 'माइंडफुल ईटिंग' या विषयावर कुणीतरी तासभर बोलून गेलं होतं. म्हणजे भान ठेवून जेवणं. प्रत्येकाच्या हातावर एक बेदाणा ठेवला. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर फिरवायचा आणि मग सावकाश चावायचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये ताणतणावावर जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा बेदाण्याचा धडा आता जगभर पोचला आहे. मी घरी करून बघितलं. बेदाणा तासगावचा होता. खरंच, एक बेदाणा इतका गोड असतो हे मूठभर खाताना कधी कळलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुकरच्या शिट्ट्या, तीन डबे आणि नळाचं पाणी एकदम आल्यावर त्या बेदाण्याची आठवण काढायलासुद्धा सवड नव्हती. तेव्हा वाटलं, हे भान ताटावर बसल्यावर आणायचं म्हटलं तर उशीर होतो. त्याची सोय आधी स्वयंपाकघरात व्हायला हवी. आणि स्वयंपाकघर म्हटलं की मला अव्वाच आठवते.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पावसातलं. आम्ही भाताची माणसं. अव्वा बैलहोंगलकडची, काळ्या मातीतली, जोंधळ्याची. एकाच जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरवर ताटातलं धान्य बदलतं, भाषाही बदलते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भाकरी थापायला बसले आणि तिचे चार तुकडे झाले. अव्वा हसली नाही. परातीत पीठ घेतलं, मधे आळं केलं, उकळतं पाणी ओतलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मग तळहाताच्या टाचेनं मळायला लागली. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यानं पीठ फुलतं आणि त्याच जोरावर भाकरी एकसंध राहते. पीठ जुनं असेल तर कितीही मळा, कडा चिरणारच. म्हणून अव्वा महिन्याचं दळण कधी आणत नसे. आठवड्यापुरतं दळायचं, आणि एका वेळी एका भाकरीपुरतंच मळायचं.

सासरे आणि दोन्ही मुलगे ओळीनं बसायचे. अव्वा तव्यापाशी. आधी ताटात यायची मेथीची कोवळी पानं, मुळा, कांद्याची पात, वर थोडं शेंगदाण्याचं कूट. कानडीत याला पचडी म्हणतात. मग मुगाची किंवा मटकीची उसळ, वांग्याची एण्णेगाई, बाजूला अगसी नाहीतर गुरेळची चटणी. आणि मग तव्यावरची पहिली भाकरी. दुसरी येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जायची. तेवढ्यात पचडी संपायची, पाण्याचा घोट व्हायचा, शेतातला एखादा विषय निघायचा. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात असं डॉक्टर सांगतात. आमच्या सासऱ्यांना ही वीस मिनिटं अव्वाच्या तव्यानं आपोआप दिली. दुसरी भाकरी संपली की ते ताटावर हात आडवा धरायचे आणि ठरलेली म्हण म्हणायचे, ''ऊट बल्लवनिगे रोगविल्ला, मातु बल्लवनिगे जगळविल्ला.'' ज्याला जेवायचं कळतं त्याला रोग नाही, ज्याला बोलायचं कळतं त्याचं भांडण नाही. एक्याऐंशीव्या वर्षी गेले, तोवर त्यांना साखरेचा त्रास नव्हता. जेवणामुळंच नव्हता, असं मी म्हणणार नाही. रोग इतका सरळ हिशेब ठेवत नाही.

अव्वाला मात्र साखर निघाली. २००९ साली पायाची जखम भरेना म्हणून नेलं, तेव्हा कळलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, ''यांचं जेवण कसं आहे? भाकरी किती? भात किती?'' खोलीत यजमान होते, दीर होते, मी होते. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकालाही उत्तर माहीत नव्हतं. अव्वाच हसून म्हणाली, ''एल्लारू उंड म्याल उण्तेनी.'' सगळे जेवल्यावर जेवते. डॉक्टर 'काय' विचारत होते, ती 'कधी' सांगत होती. तिच्या लेखी प्रश्नाचं तेवढंच उत्तर होतं.

नंतर मी आठवायला लागले. आम्ही उठल्यावर ती उंबऱ्याला टेकून ताट मांडीवर घ्यायची. भाकरी संपलेली असायची, मग दोन वाढ्या भात आणि ताक. कधी सगळ्यांची उरलीसुरली भाजी एकत्र करून. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या होळग्या, कारण टाकणं म्हणजे पाप. कधी काहीच उरलं नाही तर चहा आणि मूठभर चुरमुरे. मी थांबते म्हटलं तर, ''नी उण्णवा, नंदु आमेल.'' तू जेव गं, माझं नंतर. मला भूक लागलेली असायची, मी जेवायची. ती २०१३ मध्ये गेली. अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, तिच्याकडून भाकरी शिकले, चटण्या शिकले, कानडी शिकले. ती रोज किती भाकऱ्या खात होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

वहीतल्या चोपन्न नोंदी पुढ्यात घेऊन बसले असताना ती म्हण पुन्हा कानात आली, आणि भाषेच्या मास्तरणीला पहिल्यांदाच तिचं व्याकरण दिसलं. 'बल्लवनिगे'. म्हण पुल्लिंगी आहे. ज्याला जेवायचं कळतं 'त्याला'. 'बल्लवळिगे' असं कुणी म्हणालं नाही, कारण 'ती' जेवायला बसतच नव्हती. भान ठेवून जेवणं आपल्याकडे होतं, नाही असं नाही. फक्त ते एकाच्या ताटात होतं आणि त्याची किंमत तव्यापाशी उभी असलेली दुसरी चुकवत होती. आणि मी, एम.ए. झालेली, पगार घेणारी, उंबऱ्यावरची ती जागा सोडून ओट्यापाशी उभी राहिले होते, एवढाच फरक.

त्या रात्री जेवताना वही सगळ्यांसमोर ठेवली. यजमानांनी ती पूर्ण वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''अव्वाची अशी वही कुणी केली असती तर...'' वाक्य पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच नियम केला. सगळे बसल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि सगळे म्हणजे स्वयंपाक करणारीसुद्धा. ऐकायला सोपं आहे. पहिली अडचण आली ती तव्यावरच्या गरम भाकरीची. ती हवी तर कुणीतरी तव्यापाशी उभं राहायलाच हवं. गरम भाकरीचा हा हट्ट आमच्या घरात एका माणसाला ओट्याशी बांधून ठेवत होता. शेवटी तो सोडला. आता सगळ्या भाकऱ्या आधी करायच्या, वाफ जराशी जाऊ द्यायची आणि सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवायच्या. अर्धा-पाऊण तास मऊ राहतात. पण त्यामुळं दोन भाकऱ्यांमधली ती उसंत गेली. बुट्टी टेबलावर ठेवली की हात आपोआप जातो, हे चार दिवसांत लक्षात आलं. मग बुट्टी ओट्यावरच ठेवायला लागलो. ताटात आधी अर्धी भाकरी. आणखी हवी असेल तर ज्यानं त्यानं उठून आणायची. उठायचं म्हटलं की माणूस आधी स्वतःलाच विचारतो, खरंच हवी आहे का? निम्म्या वेळा उत्तर नाही असं येतं.

ताटाचा क्रम अव्वाचाच ठेवला आहे. आधी पचडी आणि उसळ, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी आणि वाटीनं मोजून. आधी पालेभाजी आणि डाळ-कडधान्य पोटात गेलं तर जेवणानंतर साखर एकदम चढत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही जवळजवळ अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे. आपल्याकडच्या जुन्या ताटात भाज्या होत्याच, आपणच त्या चमच्याएवढ्या करून टाकल्या.

ज्वारीबद्दल मात्र एक भ्रम डॉक्टरांनी घालवला. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून 'भाकरी खा, साखर जाते' असं जो तो सांगतो. ते म्हणाले, ''तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. धान्य ते धान्य. आणि नाचणीचं पीठ बारीक दळून पातळ शिजवून आंबील म्हणून गटागट प्यायलात तर ती लवकर वाढेल.'' मी रोज सकाळी मोठा ग्लासभर आंबील अभिमानानं पीत होते. वहीत त्याच्यापुढं 'पौष्टिक' असा शेरासुद्धा लिहिला होता!

रोजची ओढाताण कमी व्हावी म्हणून रविवारी सकाळचा दीड तास आम्ही आठवड्यासाठी ठेवला आहे. त्यात फार मोठं काही नाही. एक जण लसूण सोलतो, एक जण पालेभाज्या निवडून फडक्यात गुंडाळतो. मटकी नाहीतर मूग भिजत घालायचे, सोमवारी रात्री बांधून ठेवलेल्याला मंगळवारी मोड. आणि एक चटणी. जवसाची अशी: वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चिंचेचं छोटं बुटूक, चवीला मीठ, आणि गार झाल्यावर सगळं भरड कुटायचं. जवस अख्खे खाल्ले तर न पचता तसेच जातात, म्हणून कुटणं महत्त्वाचं. ही चटणी पंधरा दिवस टिकते. मीठ मात्र बेतानं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याभराच्या आत मीठ खा असं म्हणते, आणि आपल्या चटण्या-लोणच्यांत ते कुठून कुठं जातं कळत नाही.

स्वयंपाकाच्या पाळ्याही लावल्या. लेकाच्या भाकरीला कर्नाटकाचा नकाशा म्हणतो आम्ही, बिदरचं टोक नेहमी वर येतं. दहावीचा मुलगा आहे, चिडतो, पण आता मळताना पाण्याचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा लवकर येतो. यजमानांनी आधी मोबाइलवर व्हिडिओ लावून बघितला. मग तो बंद केला आणि डोळे मिटून थोडा वेळ परातीपुढं नुसतेच बसले. म्हणाले, ''अव्वा थापायच्या आधी बांगड्या मागं सारायची. आणि हात असा फिरायचा.'' आणि खरंच, त्यांची ती भाकरी फुगली. पन्नास वर्षं ती भाकरी खाल्लेल्या माणसाला हात कसा फिरतो ते माहीत होतं, विचारलं कुणी नव्हतं.

सगळं सुरळीत झालंय असं मात्र समजू नका. परीक्षेच्या दिवसांत माझे निम्मे दिवस पुन्हा उभ्याचेच जातात. लग्नसराईत पंगतीत साजूक तुपासह तीन होळग्या खाल्ल्या. पण बसून खाल्ल्या, चव घेऊन खाल्ल्या आणि घरी येऊन वहीत लिहिल्या. पाहुणे आले की गरम भाकरीचा आग्रह आणि माझं तव्यापाशी जाणं, हे अजून सुटलेलं नाही. एकदा गावाकडच्या एका आत्यांनी तोंडावर विचारलं, ''काय गं, सगळ्यांच्या बरोबरीनं बसतीस?'' मी काही म्हणायच्या आत यजमान म्हणाले, ''होय आत्या, मीच बसवतो तिला.'' आत्यांना ते आवडलं नाही. पण थोड्या वेळानं त्यांनीही आपलं ताट स्वयंपाकघरातून बाहेर आणलं आणि आमच्यात येऊन बसल्या. भाजीत तिखट कमी आहे, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. ते बरोबरच होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ५.९ आलं. डॉक्टर म्हणाले, ''चालू ठेवा.'' म्हणजे मी अजून उंबऱ्यावरच आहे, पण तोंड आता घराकडं आहे. वही आठ दिवसांचीच होती, अजून चालू आहे. आता तिच्यात चौघांची नावं आहेत. लेक बेंगळुरूहून फोनवर आपल्या नोंदी सांगते. 'कुठं' या रकान्यात ती बहुतेक वेळा 'लॅपटॉपसमोर' असं लिहायला सांगते, आणि लगेच म्हणते, ''आई, ओरडू नको.'' मी ओरडत नाही. लिहिलं, एवढं पुरे. आपलं आपल्याला दिसायला लागतं.

परवा रात्री आठच्या सुमाराला कंपाउंडपलीकडून शेजारच्या काकूंनी नेहमीसारखी हाक दिली, ''ऊटा आतेन री?'' ताटात पचडी होती, समोर घरची माणसं होती. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मी वेगळं उत्तर दिलं, ''इल्ल री, ईग कुंतेनी.'' नाही हो, आत्ताच बसले. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ''नंदु इन्नू आगिल्ल.'' माझं अजून व्हायचंय. त्यांच्या घरातून बाकी सगळ्यांच्या हात धुण्याचे आवाज येत होते.

वाचकहो, आज रात्री आपल्या घरी एवढंच बघा. शेवटी कोण जेवतं, कुठं बसतं आणि तिच्या ताटात काय असतं. कोणी विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आम्हाला त्या दिवशी सांगता आलं नव्हतं.